रिकाम्या टाकीची फुशारकी

मान वर कर. खाली बघून ड्रोनचे मोडलेले पंखे सांधणार नाहीत. आणि ‘सर, आधी उडवून बघितला होता, एकदम ओके होता’ हे पुन्हा ऐकवू नकोस. कसा बघितलास? टाकी कोरडी ठेवून. तळोद्याकडच्या बोरदच्या उसावर फवारायला न्यायच्या वेळी टाकीत दहा लिटर औषध होतं ना?

मांड गणित. रिकामा ड्रोन बॅटरीसकट १५ किलो धर, भरलेला २५. वजन वाढलं दीडपटीहून थोडं अधिक. पण अधांतरी तरंगायला लागणारी ताकद दुपटीच्याही वर जाते. हे मी फळ्यावर सोडवत होतो तेव्हा तू मोबाइलवर रील बघत होतास. त्यात वेळ निवडलीस भर दुपारची, ४२ अंशांची. हिवाळ्यातल्या २० अंशांच्या हवेपेक्षा ही हवा सुमारे ७ टक्के विरळ. तेवढंच वजन उचलायला मोटारींना जास्त राबावं लागतं. (असल्या उन्हात फवारा पानावर पडायच्या आधीच वाळायला लागतो, ते वेगळंच.)

आणि ती बॅटरी! पोट फुगलेलं दिसत होतं, तरी लावलीस. का, तर बारा सेल मिळून ५०.४ व्होल्ट दाखवत होती. अरे, थकलेली बॅटरीसुद्धा नुसती पडून असताना पुरा आकडा दाखवते. मोटारींनी ओढ घेतली की व्होल्टेज कोसळतं. ड्रोन डोक्याएवढ्या उंचीवर डगमगला, तेव्हा तू थ्रॉटल आणखी वर ढकललास. म्हणजे ओढ वाढली, व्होल्टेज अजून बसलं. वर तो परत आणायला बांधाकडे वळवलास, जिथे बाया भाकरी खायला बसल्या होत्या. त्या वाचल्या ते त्यांचं नशीब. तुझ्या हुशारीचा त्यात काडीचा वाटा नाही.

मागे वळवण्यावरून फवारणीच्या विमानांचंच बघ. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं ‘बसंत’ नावाचं फवारणीचं विमान १९७२ मध्ये पहिल्यांदा उडालं. असल्या विमानाचं इंजिन उड्डाण घेतानाच गळपटलं तर वैमानिक मागे वळत नाही. नाक खाली करतो, दांडी ओढून टाकीतला माल सोडून देतो आणि समोर सापडेल त्या मोकळ्या जागेत उतरतो. तुझ्या ड्रोनला ती दांडी नाही. सगळं ओझं घेऊनच खाली यायचंय, म्हणून उचलण्याआधीच डोकं चालवायला हवं. खिशात रिमोट पायलटचं प्रमाणपत्र मिरवतोस ना?

सगळ्यात संताप कशाचा आला सांगू? यंत्र उसात पडल्यावर ते आणायला शेतवाल्याच्या पोराला आत धाडलंस. तळोद्याच्या उसात बिबट्या असतो, हे तुला मी सांगायचं?

उद्या सकाळी सातला ये. फुगलेल्या बॅटऱ्या वेगळ्या काढ, पण घरात ठेवू नकोस. टाकीत दहा लिटर साधं पाणी भरायचं, ड्रोन कमरेएवढ्या उंचीवर अर्धं मिनिट धरायचा आणि व्होल्टेज किती उतरतं ते वहीत लिहायचं. उरलेल्या दर बॅटरीचं. आणि आधी त्या बायांकडे जाऊन ये.