सेवेच्या गर्दीत देव हरवू नये

सज्जनहो, देवाचे काम करता करता देवच दुरावतो, असे कधी होते काय? होते! दिंडीचा शिधा मोजताना हरिपाठ चुकतो. सप्ताहाच्या वर्गणीत जीव अडकतो आणि नाम ओठांवरच राहते.

नारायण वामन टिळकांचेच पाहा ना. १८९१ च्या सुमारास ते आपल्या नागपुरात बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत. पुढे १८९५ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण तुकोबांचे ऋण त्यांनी कधी नाकारले नाही; अभंग-कीर्तनांतूनच ख्रिस्तभक्ती गाइली. अहमदनगरास मिशनचे काम मोठे: शिकवणे, उपदेश, ‘ज्ञानोदया’चे लेखन. एवढी सेवा चालू असता १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. १९१९ साली देह ठेवला.

त्यांची वाट निराळी, आपली निराळी. पण दुखणे एकच. मग आपणही सारे सोडावे काय? नाही, बाबांनो! त्यांनी तरी सेवा कोठे सोडली? सोडला तो पगार. आपला पगार कोणता? मान, गळ्यातला हार, पुढची जागा. तेवढा सोडा.

नंदनवनातल्या माळकऱ्यांनो, हिशेबाची वही उघडण्याआधी हरिपाठ म्हणा. सप्ताहात विणेकरी विणा खाली ठेवीत नाही. दुसऱ्याच्या गळ्यात घालूनच बाजूला होतो. कामे हातांत येतील, जातील. नाम मात्र खाली ठेवू नका.

पंढरीनाथ महाराज की जय!