अंध व बहिरे यांच्या नावाने दिलेल्या दानाचा हिशेब

उपासना संपल्यावर एका वृद्ध बंधूंनी मला प्रश्न केला, "पाळकसाहेब, अंध व बहिरे यांच्यासाठी आपली मंडळी दरसाल उपकारस्तुतीच्या दिवशी पैसे पाठविते; त्या पैशांचे पुढे काय होते, हे विचारणे पाप आहे काय?" जवळ उभे असलेले दुसरे बंधू लगेच म्हणाले, "प्रभूला दिले ते दिले. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, अशी शिकवण आहे ना?" दोघेही भक्तिमान व दोघेही कष्टाच्या कमाईतून देणारे. म्हणून हा प्रश्न सर्व मंडळ्यांपुढे ठेवणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम दुसऱ्या बंधूंचे म्हणणे घेऊ. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील ती शिकवण देणाऱ्याच्या गर्वाला लगाम घालण्यासाठी आहे. खजिनदाराची वही झाकण्यासाठी नव्हे. पौलाने यरुशलेमेतील गरजू बांधवांसाठी वर्गणी जमविली, तेव्हा मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू त्या कामात सोबत घेतला. कोणी आपणांस दोष लावू नये म्हणून ही खबरदारी घेतली, असे तो करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात स्वतःच सांगतो. प्रेषिताला ज्या गोष्टीचा अपमान वाटला नाही, तिचा अपमान आजच्या संस्थेला का वाटावा?

परंतु अंध व बहिरे यांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर आहे. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात बहिऱ्याला शिव्याशाप देण्याची व आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवण्याची मनाई केली आहे. नेमके हेच दोन अपराध का सांगितले असावेत? कारण शाप बहिऱ्याच्या कानी पडत नाही, व धोंडा कोणी ठेवला हे आंधळ्याला दिसत नाही. जो अन्याय सोसणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही, तो करणे फार सोपे असते. संस्थेचा वार्षिक अहवाल छापून दात्याकडे जातो; पण ज्याच्या नावाने पैसे जमविले, त्या अंध मनुष्याला तो कोणी वाचून दाखवितो काय? बहिऱ्याला खुणांच्या भाषेत कोणी समजावून देतो काय? त्यांना बुद्धी आहे, प्रश्नही आहेत. त्यांना विचारण्याची संधी तेवढी मिळत नाही.

येथे मला माझा दोष कबूल केला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने आमच्या भागात श्रवणयंत्रे वाटली. आमच्या मंडळीने त्यासाठी पैसे दिले होते. पावती आली, किती यंत्रे वाटली त्याची यादी आली; ती मी वेदीजवळ उभा राहून वाचली व आम्ही आभार मानले. पुढल्या साली ज्यांना यंत्र मिळाले होते अशा एका आजोबांच्या घरी मी गेलो. सूनबाईंनी पेटीतून फडक्यात गुंडाळलेले यंत्र काढून दाखविले. पहिला सेल संपल्यावर दुसरा कोठे मिळतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. यंत्र कानाच्या मापाचे नसल्यामुळे शिट्टी वाजे, म्हणून आजोबांनी ते ठेवून दिले होते. यादीतील आकडा खरा होता. परंतु आजोबा पूर्वीइतकेच बहिरे होते. आणि मी वर्षभर विचारले नव्हते.

याहून भयंकर प्रकारही घडले आहेत. २०१४ साली पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यात एका नेत्रशिबिरात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्यावर अनेक गरिबांची दृष्टी गेली. शस्त्रक्रियांचा आकडा तेवढा पाहिला, तर असे शिबिरही यशस्वी दिसेल. खरा हिशेब शस्त्रक्रियेच्या दिवशी पुरा होत नाही; काही आठवड्यांनी डोळा तपासून किती दिसते हे लिहिले, म्हणजे तो पुरा होतो.

तथापि दात्यांकडूनही एक चूक होते, ती सांगणे न्यायाचे आहे. "माझा प्रत्येक रुपया रुग्णालाच पोहोचावा, पगारात एकही जाऊ नये," असा आपला आग्रह असतो. परंतु हत्यारे निर्जंतुक करणारी परिचारिका, चष्म्याचा नंबर पाहणारा तंत्रज्ञ व वही लिहिणारा कारकून यांच्यावाचून रुग्णाला काय पोहोचणार? परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने व्यवस्थापनखर्चाची मर्यादा शेकडा ५० वरून २० वर आली. तरी रुग्णालयातील डॉक्टरांचे वेतन त्या खर्चात धरीत नाहीत. मदुराई येथे डॉ. गो. वेंकटस्वामी यांनी १९७६ साली ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय आरंभिले. तेथे ऐपतदार रुग्णांच्या शुल्कातून गरिबांचा खर्च निघावा अशी रीत पडली, आणि १९९२ साली स्वस्त भिंगे करण्यासाठी अरोलॅब हा कारखाना निघाला. दयेचे काम काटेकोर हिशेबाने चालविले तर ते वाढते, हे यावरून दिसते.

आमच्या राज्यात १९५० सालच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे विश्वस्तांना दरसाल हिशेब तपासून घ्यावा लागतो, आणि तपासनिसाचा अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत जातो. धर्मादाय रुग्णालयांसाठी २००६ साली उच्च न्यायालयाने ठरविलेल्या योजनेप्रमाणे शेकडा १० खाटा निर्धनांसाठी मोफत व १० सवलतीच्या दराने राखाव्या लागतात. डोळ्यांच्या वा कानांच्या उपचारासाठी अशा रुग्णालयात जाणाऱ्या बंधुभगिनींनी हे ध्यानात ठेवावे. ती खाट मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. परंतु हिशेबतपासनीस पैसा कोठे खर्च झाला एवढेच पाहतो. आजोबांना ऐकू येते की नाही, हे पाहण्यास त्यांच्या उंबऱ्याशी आपल्यालाच गेले पाहिजे.

म्हणून यंदा आमच्या पंचांनी असे ठरविले आहे की, पैशांबरोबर तीन प्रश्न लिहून पाठवावे. मागील वर्षी ज्यांना मदत दिली, त्यांना पुन्हा कोण भेटले? त्यांपैकी किती जणांना आज दिसते वा ऐकू येते? ज्यांना लाभ झाला नाही, त्यांच्यासाठी काय केले? प्रामाणिक संस्थेला या प्रश्नांचा आनंद होईल, कारण तिलाही हेच जाणून घ्यावयाचे असते. उत्तरात अपयश कबूल केलेले असले तर आम्ही दान थांबविणार नाही. उत्तरच आले नाही तर मात्र विचार करू.

आणि दुसऱ्याची वही मागण्यापूर्वी आमच्या मंडळीची वही येत्या रविवारी सर्वांसमोर मोठ्याने वाचली जाईल. आमच्यात ज्यांना दिसत नाही अशा दोन भगिनी आहेत. त्यांना पुढे बसविण्यात येईल, आणि पहिला प्रश्न विचारण्याचा मान त्यांचा राहील. आजोबांच्या यंत्राला सेल मिळवून देण्याचे व ते कानाच्या मापाचे करून आणण्याचे काम मी स्वतःकडे घेतले आहे.