सॉरी ना सर, माय बॅड!

प्रयोगवही जमा करायची तारीख उलटून गेलेली असते आणि सरांच्या मोबाइलवर निरोप येतो : ‘सर, सॉरी ना, राडा झाला. माय बॅड.’ शेवटी हात जोडलेली इमोजी. स्टाफरूममध्ये असे निरोप आता नवे नाहीत, त्यावरून होणारी वादावादीही नाही. एक म्हणतो, पोरगं निदान चूक कबूल तरी करतंय. दुसरा विचारतो, ही माफी म्हणायची की कॅन्टीनमधल्या गप्पा? वाद वरवर शिष्टाचाराचा वाटतो. खोलात प्रश्न जुनाच आहे : माफी घडते कशाने?

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डमध्ये व्याख्यानं दिली. ती १९६२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती थेट काम करतात, हा त्यांचा मुद्दा. वचन देणं, पैज लावणं, माफी मागणं ही सगळी त्यातलीच. मनात पश्चात्ताप नसला तरी माफी मागितली जातेच, फक्त ती पोकळ असते. म्हणजे मन स्वच्छ असणं ही एक बाब झाली आणि योग्य ठिकाणी, योग्य माणसापुढे ती कृती पार पडणं ही दुसरी.

बास्केटबॉलच्या मैदानावर ‘माय बॅड’ ही कृती छान पार पाडतं. अमेरिकेत हे बोल रुळले तेच तिथे. पास चुकला की खेळाडू दोष स्वतःकडे घेतो आणि खेळ पुढे सरकतो. सोबत्याने ‘माफ केलं’ म्हणावं अशी अपेक्षा नसते, तेवढी उसंतही नसते.

शिक्षकापुढे हेच बोल अपुरे पडतात. त्यात कबुली असते, मागणं नसतं. मागणाऱ्याला नकार मिळू शकतो, आणि तो मिळण्याची तयारी ठेवूनच माफी मागायची असते.

बाराव्या शतकातले ज्यू धर्मशास्त्री मायमोनिडीस यांनी ‘मिश्ने तोरा’त हे अगदी हिशेबाने मांडलं आहे. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी देवापुढचे अपराध धुतले जातात. पण माणसाला दुखावलं असेल तर त्याचं नुकसान भरून देऊन, त्याची समजूत काढल्याशिवाय सुटका नाही. तो ऐकत नसेल तर तीन मित्रांना घेऊन जायचं. तरी नाही, तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. त्यानंतरही तो अडून बसला तर दोष त्याच्याकडे जातो. दुखावलेला माणूस आपला गुरू असेल तर मात्र ही मर्यादा उठते. हजार वेळा जावं लागलं तरी जायचं, तो क्षमा करेपर्यंत. कोणते शब्द वापरायचे हे या नियमात नाही. निर्णय कोणाच्या हाती, एवढंच त्यात पक्कं आहे.

मराठी माणसाची पंचाईत वेगळीच. आईला ‘तू’, देवालाही ‘तू’. जनाबाईंच्या नावावरच्या अभंगांत तर विठोबाला चक्क शिव्या आहेत. शिक्षकांना मात्र अहो-जाहो. त्यामुळे पोरांचं बोलणं सरांना खटकतं ते केवळ हलकं म्हणून नव्हे. त्यात लाडाचा सूर असतो, आणि लाडात क्षमा आधीच गृहीत धरलेली असते. अर्थात, ‘यापुढे अशी चूक होणार नाही’ असं लिहून ऑफिसच्या खिडकीतून आत सरकवलेला माफीनामा तरी दुसरं काय करतो? भाषा शुद्ध, सही ठळक, पोच मिळाली की विषय संपला. शिक्षकाने ‘नाही’ म्हणायला तिथेही जागा उरत नाही.

गीतेत तर एका शिष्याने बोलण्यातल्या सलगीचीच माफी मागितली आहे. दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्वतःला कृष्णाचा शिष्य म्हणवतो. अकराव्यात विश्वरूप पाहून तो हादरतो आणि त्याला आठवतं, की खेळताना, जेवताना, चारचौघांत आपण याला नुसतं कृष्ण, यादव, सखा म्हणत आलो. ज्ञानेश्वरांनी १२९० च्या ‘ज्ञानेश्वरी’त हा पश्चात्ताप आणखी फुलवला : अमृताने सडा घातला, कल्पतरू तोडून शेताला कुंपण केलं, असं त्यांचा अर्जुन हळहळतो. गंमत अशी, की क्षमा मागताना तो आधार घेतो तो पुन्हा जवळच्याच नात्यांचा. बाप मुलाचं सोसतो, मित्र मित्राचं सोसतो, तसं माझं सोस, अशी त्याची विनवणी आहे. सलगी तो टाकून देत नाही. ती चालेल की नाही हे ठरवायचं काम मात्र कृष्णाकडे सोपवतो.

कृष्ण त्या हाकांबद्दल अक्षरही काढत नाही. भेदरलेल्या शिष्याला धीर देतो, ओळखीचं रूप पुन्हा दाखवतो. पुढे सतराव्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात अर्जुनाला शंका विचारायची असते आणि तो हाक मारतो ती ‘कृष्ण’ अशीच. गुरू टोकत नाही. श्रद्धेचे तीन प्रकार समजावून सांगायला लागतो.