शंकासमाधान : साहेबांची प्रार्थनासभा आणि पाळकाचे मानधन

शंका : कारखान्यातील एक ख्रिस्ती विभागप्रमुख जेवणाच्या सुटीत प्रार्थना घेतात व हाताखालच्या कामगारांना तिला बोलावतात. ही साक्ष समजावी, की पदाचा गैरवापर?

समाधान : प्रार्थना घेण्यात दोष नाही; दोष असलाच तर तो बोलावण्यात आहे. ज्याच्या सहीवाचून रजा मंजूर होत नाही आणि ओव्हरटाइम कोणाला द्यायचा हे जो ठरवतो, त्याला नाही म्हणणे कामगाराला जड जाते, आणि नाही म्हणण्याची मोकळीक नसताना मिळालेला होकार हे साक्षीचे, म्हणजे शब्दांतून व आचरणातून ख्रिस्ताविषयी दिलेल्या ग्वाहीचे, फळ मानता येत नाही. या पेचाचा सर्वांत सूक्ष्म विचार प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या अवघ्या 25 वचनांच्या पत्रात आढळतो. फिलेमोन हा अनेसिम नावाच्या दासाचा धनी होता, आणि मंडळी, म्हणजे विश्वासणाऱ्यांचा समुदाय, त्याच्याच घरी जमत असे. दुरावलेल्या अनेसिमाला त्याने दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून परत घ्यावे, अशी पौलाची इच्छा होती. आज्ञा करण्याचा आपला अधिकार पौल नमूद करतो आणि तो बाजूला ठेवून विनंती करतो. आपल्या बंदिवासात अनेसिमाला सेवेसाठी ठेवून घ्यावे असे वाटत असूनही धन्याच्या संमतीवाचून तो तसे करीत नाही, कारण फिलेमोनाचा चांगुलपणा सक्तीचा ठरू नये. शिवाय अनेसिमाकडून काही येणे असल्यास ते फेडण्याची हमी तो स्वहस्ते लिहून देतो. (शेवटी स्वतःच्या उतरण्याची सोय करून ठेवण्यास सांगून त्याने थोडा दाब आणलाच आहे, हे नाकारता येत नाही.)

तेव्हा विभागप्रमुखांनी प्रार्थना चालवण्याचे काम पदाने आपल्याखाली नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याकडे सोपवावे, निमंत्रण स्वतः देऊ नये, कोण आले नि कोण नाही याची चौकशी करू नये, आणि प्रार्थनेला कधीच न फिरकणाऱ्याचा रजेचा अर्ज इतरांच्या अर्जाइतक्याच तत्परतेने निकाली काढावा.

शंका : पाळकाने मानधन घ्यावे, की नोकरी करून सेवा करावी?

समाधान : दोन्ही मार्ग शास्त्रसंमत आहेत. करिंथ येथे पौल अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्यासह तंबू करण्याचा व्यवसाय करीत असे; तरीही सुवार्ता सांगणाऱ्याचा निर्वाह सुवार्तेवर व्हावा, हा हक्क त्याने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात ठामपणे मांडला आणि मासेदोनियातून आलेले साहाय्य स्वीकारलेही. त्याने सोडला तो स्वतःचा हक्क, इतर सेवकांचा नव्हे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे वेतन सोडले, तेही स्वतःच्या निर्णयाने. त्यामुळे पाळकाचे मानधन महिनोन्महिने थकवणाऱ्या पंच कमिटीने, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीने, सभेत टिळकांचा दाखला देणे अनुचित आहे.