विश्वासाला मात्रा हवी

नाशिकच्या पंचवटीत वनस्पतींवरचा विश्वास कुणाला शिकवावा लागत नाही. गणेशवाडीत आयुर्वेद महाविद्यालय आहे, गोदाघाटावर जडीबुटी विकली जाते आणि घरोघरी दुखण्यावर पहिला उपाय हळदीच्या दुधाचा. हृदयविकाराच्या मुळाशी रक्तवाहिन्यांचा दाहही असतो, हे कळल्यापासून या विश्वासाला नवा विषय मिळाला आहे.

धमनीच्या अस्तराखाली कोलेस्टेरॉल साचतं, ते उचलायला पांढऱ्या पेशी येतात आणि दाह धुमसत राहतो. पुढे तो थर फाटला की गुठळी होते. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत हा दाह रोखतं. पण हळदीत ते साधारण ३ टक्केच, आणि पोटातून रक्तात फार थोडं उतरतं. त्याने झटके टळतात, हे मोठ्या चाचणीत अजून सिद्ध झालेलं नाही.

ज्याची अशी परीक्षा झाली, तो रेणू एका विषारी वेलीतही आहे. पावसाळ्यात सह्याद्रीत लाल-पिवळ्या फुलांनी पेटल्यासारखी दिसणारी कळलावी. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुना हृदयविकार असलेल्या ५,५२२ रुग्णांपैकी निम्म्यांना रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन दिलं गेलं. हृदयविकाराने मृत्यू, झटका, पक्षाघात किंवा हृदयाचा रक्तपुरवठा अडल्याने करावी लागलेली अँजिओप्लास्टी यांसारखे प्रसंग त्यांच्यात ६.८ टक्के, तर इतरांत ९.६ टक्के घडले. मात्र २०२४च्या आणखी मोठ्या चाचणीत, झटक्यानंतर लगेच सुरू केलेल्या याच औषधाचा फायदा दिसला नाही.

अर्ध्या मिलिग्रॅमने आधार देणारा हा रेणू जास्त झाला तर जीव घेतो. म्हणून कळलावी घरी उगाळून घेणं प्राणघातक आहे, आणि गोळीही डॉक्टरांनी मूत्रपिंडाची तपासणी पाहूनच द्यायची असते. आपल्या वैद्यांनाही हे ठाऊक होतं. त्यांनी कळलावीला उपविषांत ठेवलं आणि गोमूत्रात शोधन केल्याशिवाय ती वापरली नाही. वनस्पतीचा आदर म्हणजे तिची ताकद मोजणं, ही शिस्त परंपरेतलीच आहे. चाचणी तिला पुढे नेते.

नाशिकच्याच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक दोन्ही शिकवले जातात. दोन्हींकडच्या अभ्यासकांनी एकत्र बसून एकेका वनस्पतीची मात्रा, परिणाम आणि अपाय तपासावेत, आणि निष्कर्ष विरोधात गेला तरी तो छापावा. रुग्णाचा विश्वास एवढ्या कष्टांना नक्कीच पात्र आहे.