काढण्याआधी विचारा

आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मी माझ्या हातानं घालवल्या. फोनवर त्या रेकॉर्ड केल्या, लॅपटॉपवरून पेन ड्राइव्हमध्ये उतरवल्या, पडद्यावरची पट्टी भरलेली दिसली. जागा हवी म्हणून फोनमधलं आणि लॅपटॉपवरचं मूळ पुसलं आणि पेन ड्राइव्ह ओढून काढला. गावी जाऊन लावला तर फाइलचं नाव तेवढं होतं, आवाज नव्हता. घरातले म्हणाले, "नशीब." नशिबाचा त्यात काही संबंध नव्हता. मला माहीत असायला हवं होतं ते मी शिकलो नव्हतो.

पट्टी भरते तेव्हा मजकूर पुष्कळदा अजून संगणकाच्या मेमरीतच असतो. पेन ड्राइव्हवर लिहिणं संथ, म्हणून यंत्र ते काम साचवतं आणि सवडीनं उतरवतं. लिनक्समध्ये मुळात ठरवून दिलेली मुदत ३० सेकंदांची आहे. तोवर मजकूर तसाच थांबू शकतो, आणि पुढे प्रत्यक्ष लिहायला लागणारा वेळ वेगळाच. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी ही साठवण मुळातच बंद ठेवलेली असते. तरीही लिहिणं चालू असताना ओढलं, तर फाइल तुटतेच.

म्हणून मी आता लिनक्सचं टर्मिनल उघडतो आणि डिस्क सोडवणारी 'यूमाउंट' ही आज्ञा देतो. (अनमाउंटमधला पहिला 'एन' या आज्ञेत नाही, नवशिके इथेच अडतात.) साचलेलं सगळं उतरेपर्यंत ती आज्ञा परतत नाही. कर्सर पुन्हा लुकलुकला की मग 'इजेक्ट'. परतलेला कर्सर हा यंत्रानं दिलेला शब्द असतो, आणि तो येईपर्यंत थांबणं हे आपलं काम आहे.

कधी उत्तर येतं, 'टार्गेट इज बिझी'. याचा आपल्याला राग येतो, पण ही नकारघंटा नाही, माहिती आहे. 'एलसॉफ' या आज्ञेनं विचारा, कोणता प्रोग्राम फाइल धरून बसलाय ते नावानिशी कळतं. तो बंद करा आणि पुन्हा मागा. याऐवजी कुणीतरी यूमाउंटचा 'लेझी' पर्याय सुचवतो. त्यानं डिस्क नजरेआड होते, पण धरलेली फाइल धरलेलीच राहते आणि लिहिणंही चालू राहू शकतं. अशी पळवाट शिकवणाऱ्याला मी दोष देतो; कारण तो समोरच्याला खोटा दिलासा देतो.

लेखनबंदीची गोष्टही अशीच. झेरॉक्सच्या दुकानात एक पान छापायला आपण अख्खा पेन ड्राइव्ह देतो. त्या संगणकाला फक्त वाचायचं असतं, तरी लिहायची मुभाही त्याच्या हाती जाते, आणि पेन ड्राइव्ह परत येताना व्हायरस घेऊन येतो. साडेतीन इंची फ्लॉपीला खिडकी उघडी ठेवली की लिहिणं बंद व्हायचं. बहुतेक पेन ड्राइव्हना तसं बटणच नसतं. लिनक्समध्ये 'ब्लॉकडेव्ह'ला 'सेटआरओ' सांगितलं, किंवा विंडोजच्या 'डिस्कपार्ट'मध्ये डिस्क निवडून तिला रीडओन्ली केलं, की आपल्या संगणकापुरती बंदी लागते. नुसतं रीडओन्ली माउंट करून भागत नाही: नीट न काढलेली एक्स्ट४ फाइलप्रणालीची डिस्क तशी जोडली तरी यंत्र अर्धवट राहिलेल्या नोंदी पूर्ण करायला तिच्यावर लिहू शकतं. आणि 'सेटआरओ'ची खूण डिस्कबरोबर दुकानात जात नाही. तिथे द्यायचा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा, त्यात तेवढी एकच फाइल असू द्या. डिस्कपार्टमध्ये मात्र डिस्कचा क्रमांक दोनदा वाचा. चुकीची डिस्क निवडून तिथली 'क्लीन' ही आज्ञा दिली तर तिच्यावरचे विभाग एका क्षणात पुसले जातात.

हे अवघड नाही. आपले संगणकवर्ग मुलांना कुठे क्लिक करायचं ते पाठ करून घेतात, ते क्लिक काय करतं हे सांगत नाहीत. परीक्षेत गुण मिळतात, आणि आजीचा आवाज, शेताच्या सातबाऱ्याची प्रत, वर्षभर लिहिलेला प्रबंध असल्या अज्ञानापायी जातो. पुन्हा वर 'पेन ड्राइव्ह मेला' म्हणून दोष वस्तूला.

शिक्षकहो, पुढच्या तासाला प्रत्येक मुलाला टर्मिनलवर बसवा. एक फाइल उतरवायला लावा, यूमाउंट द्यायला लावा आणि कर्सर परत येईपर्यंत पेन ड्राइव्हला हात लावू देऊ नका.