नागमोडी रेघ

युद्धकांडात रावणाशी झुंजून थकलेल्या रामाला अगस्त्य ऋषी आदित्यहृदय सांगतात. हे स्तोत्र पिढ्यान्‌पिढ्या रोजच्या पाठात आहे. वडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९७१ मध्ये युद्धकांडाची चिकित्सक, म्हणजे उपलब्ध हस्तलिखिते ताडून ठरवलेली, आवृत्ती काढली, तेव्हा मात्र ते मुख्य संहितेत आले नाही. संपादक परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते परिशिष्टात ठेवले. कारण एकच: उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या हस्तलिखितांची साक्ष इथे जुळत नव्हती.

काटेकोरपणा म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

सयाजीराव महाराजांच्या काळात वडोद्यात हस्तलिखिते जमवली जाऊ लागली, १९१६ पासून गायकवाड प्राच्य ग्रंथमाला निघू लागली आणि १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर उभे राहिले. रामायणाचे काम स्वातंत्र्यानंतरचे. गो. ह. भट्ट यांनी संपादलेले बालकांड १९६० मध्ये आले, उमाकांत शहांचे उत्तरकांड १९७५ मध्ये. परंपरेने चोवीस हजार मानलेली श्लोकसंख्या चिकित्सक संहितेत एकोणीस हजारांच्या आत आली.

कामाची रीत पुण्याची. भांडारकर संस्थेत महाभारतासाठी विष्णु सीताराम सुखठणकरांनी ती बसवली होती. केंब्रिजला गणित शिकलेला हा माणूस. त्याच्या कामात ती शिस्त जागोजाग दिसते. आडव्या-उभ्या रेघांनी चौकटी पाडलेल्या कागदावर वर एक श्लोक लिहायचा. खाली प्रत्येक हस्तलिखिताला एक ओळ. जिथे अक्षर वेगळे, तिथे त्या चौकटीत ते वेगळे अक्षर. एवढेच. पण हे एवढेच हजारो श्लोकांसाठी करायचे, आणि ‘लेखनिकाची चूक दिसते’ असे म्हणून आपल्या मनाने काही दुरुस्त करायचे नाही.

दुरुस्ती करण्याचा मोह जुन्या लेखनिकांनाही आवरला नव्हता. दोन स्वर शेजारी आले आणि संधी झालेला नाही, की कोणीतरी मध्ये ‘च’ किंवा ‘तु’ घालून ओळ सारखी करी. अवघड शब्द काढून सोपा बसवी. म्हणून अनेक पाठांपैकी जो अवघड, जो व्याकरणाला थोडा खटकतो, तोच जुना असण्याची शक्यता संपादक अधिक धरतात. घासूनपुसून नीटनेटकी केलेली ओळ पाहिली की त्यांना आधी शंका येते. नीटनेटकेपणालाच अचूकपणा समजणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

वडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेतच रामकृष्ण कवींनी अभिनवगुप्ताच्या टीकेसह नाट्यशास्त्र संपादले. पहिला खंड १९२६ चा. हस्तलिखिते इतकी बिघडलेली, की खुद्द अभिनवगुप्त स्वर्गातून उतरला तरी त्याला आपला मूळ पाठ सहज लावता येणार नाही, असे एका विद्वान मित्राचे मत त्यांनी प्रस्तावनेत नोंदवले. संपादकाने आपल्याच ग्रंथाच्या दारात अशी पाटी लावायला धैर्य लागते.

इंग्रजीत ‘प्रिसाइज’ आणि ‘ॲक्युरेट’ यांत विज्ञानाचे शिक्षक फरक करतात. काटा मिलिग्रॅमपर्यंत आकडा दाखवतो, पण प्रत्येक वेळी दोन ग्रॅम जास्तच दाखवतो, तर तो पहिला आहे, दुसरा नाही. हा फरक चिकित्सक आवृत्तीही पाळते: वाल्मीकींचे शब्द जसेच्या तसे हाती दिल्याचा दावा ती करत नाही. व्यासांचे मूळ महाभारत आपण देत आहोत, असे सुखठणकरांनीही १९३३ च्या प्रस्तावनेत म्हटलेले नाही. उपलब्ध हस्तलिखिते जितके मागे नेतील तितके जुने रूप, एवढाच त्यांचा शब्द होता. आणि जिथे तेवढीही खात्री नाही, त्या अक्षरांखाली छापील पानावर नागमोडी रेघ आहे. संशय नेमका कुठून कुठपर्यंत, हे ती रेघ अक्षराअक्षराने मोजून दाखवते.

अशा संहितेवर एक जुना आक्षेप आहे: ही पोथी कधी कोणी वाचली नाही, कोणत्या कीर्तनकाराने सांगितली नाही, ती अभ्यासिकेत जुळवलेली आहे. आक्षेप खरा आहे. भाविकाने पाठासाठी ही आवृत्ती घ्यावी असा आग्रहही कोणी धरू नये. पण ‘रामायणात असे लिहिले आहे’ म्हणून आज जो तो ठासून सांगतो, तेव्हा कोणत्या रामायणात, कोणत्या प्रतीत, हे विचारण्याची सोय याच आवृत्तीने केली. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या संहितेत नाही, हे तिथे जाऊन पाहता येते. शिवाय वगळलेले काही फेकून दिलेले नाही. ते तळटीपेत किंवा परिशिष्टात, हस्तलिखितांच्या खुणांसह जपलेले आहे.

रॉबर्ट गोल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रिन्स्टनचा सात खंडांचा इंग्रजी अनुवाद याच संहितेवर उभा आहे. पहिला खंड १९८४ मध्ये आला. त्यांच्या टिपांत अनेक ठिकाणी वडोद्याच्या संपादकांनी निवडलेला पाठ अमान्य केला आहे, आणि त्या विरोधाचा पुरावा त्यांनी बहुतेक वेळा वडोद्याच्याच तळटीपांतून घेतला आहे.